गव्हाच्या दिवसांत वेल्डनला

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगरा बघितला का?" मी नाही बघितला. मुलगा तिकिटं काढायला तयार होता, पण मीच त्याला म्हटलं, "त्यापेक्षा मला सुधाताईकडे पाठव, कॅन्ससला."

माझा मुलगा अनिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आई, तिथे बघण्यासारखं काय आहे? सगळं फ्लॅट आहे यार. लोक त्याच्यावरून फ्लाय करतात, तिथे उतरत नाहीत."

"आजी, देअर इज नथिंग देअर," नातवानेही टेबलाखालून डोकं काढून सांगितलं. तो तिथे लपला होता, गृहपाठापासून.

पण मी एकोणतीस वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवलेली बाई. 'प्रेअरी : उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेश, मुख्य पीक गहू' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची, त्याखाली स्टेप्स, पंपास, डाउन्स. मुलं पाठ करायची आणि चाचणी झाली की विसरायची. मी विसरत नव्हते, पण मला त्यातलं माहीत तरी काय होतं? एका रंगीत नकाशातला पिवळा पट्टा. तेव्हा २००६ च्या जूनमध्ये, रेडमंडच्या झिमझिम पावसाला कंटाळून, मी एकटीच विमानात बसले आणि विचिटाला उतरले.

सुधाताई माझी मावसबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, अमरावतीत वाढलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, डॉक्टर आहेत. 'दोन वर्षं काढू आणि मोठ्या शहरात जाऊ' म्हणून ती दोघं वेल्डन नावाच्या गावात आली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. (गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. तिकडच्या लोकांना आपल्याबद्दल छापून आलेलं आवडत नाही, चांगलं असलं तरी.)

वेल्डन

विमानतळावरून दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पिकलेला गहू, मध्ये डांबराची एक सरळ रेघ, आणि वर इतकं आभाळ की मला आधी जरा अवघडल्यासारखंच झालं. आमच्याकडे आभाळाला कुठेतरी पन्हाळ्याचा, ज्योतिबाचा टेकू असतो. इथे ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आलेलं. गाव जवळ आल्याची खूण म्हणजे धान्याची कोठारं, सिमेंटची, पांढरी, देवळाच्या शिखराहून उंच. ती दिसू लागली की अजून पंधरा मिनिटं जायचं असतं.

वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीतला माणूस स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचा, आणि दाजीही करायचे.

"सगळे ओळखीचे?" मी विचारलं.

"छे! हा इथला रामराम. ओळख नसली तरी करायचा. नाही केला तर विचारतील, डॉक्टरांची तब्येत बरी नाही का?"

वेल्डन म्हणजे एक मोठा रस्ता आणि त्याला चार फाटे. पोस्ट, बँक, दाजींचा दवाखाना, तीन चर्चेस, एक कॅफे. आमच्या गल्लीच्या गणपतीला याहून जास्त माणसं जमतात. घरांना कुंपणं नाहीत, दारांना कुलपं नाहीत. सुधाताईचं घर गावाच्या टोकाला. मागच्या अंगणातली हिरवळ संपली की लगेच शेजाऱ्याचा गहू सुरू.

दुसऱ्याच दिवशी मी गावभर प्रसिद्ध झाले, ती अशी. सुधाताई सकाळी वाचनालयात काम करायला गेली होती. जाताना तिने बजावलं होतं, "भोंगा वाजला की टोर्नेडो समजायचं अन् सरळ तळघरात जायचं. घाबरायचं नाही." मी वरण शिजायला ठेवलं होतं, एवढ्यात भोंगा वाजला. असा वाजला की भांडी थरथरली. मी गॅस बंद केला, पासपोर्ट घेतला, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला आणि तळघरात लोणच्याच्या बरण्यांमध्ये जाऊन बसले. रामरक्षा तीनदा म्हणून झाली. तासाभराने वरून हाक आली.

"विजू! अगं, कुठे जाऊन बसली तू?"

"इथे खाली! गेलं का वादळ?"

"कुठलं वादळ? बारा वाजले होते ना बाप्पा! रोजच वाजतो तो, जेवायच्या सुट्टीचा. अवो, ते सांगायचंच राहून गेलं माझं!"

संध्याकाळी पोस्टात गेले तर पोस्टमास्तरीणबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅम, वादळात काही नुकसान तर नाही ना झालं?"

सेंट अंटन

वेल्डनहून वीस मैलांवर सेंट अंटन. तिथे सगळे चेक वंशाचे लोक, पणजोबांच्या काळात बोहेमियातून आलेले. चर्चच्या तळघरात वर्षातून एकदा जेवणावळ असते, तिथे सुधाताई मला घेऊन गेली. आल्बिना नावाच्या ऐंशीच्या घरातल्या आजी ओट्याशी उभ्या राहून कोलाचे करत होत्या. कोलाचे म्हणजे फुगलेल्या पिठाची गोड पोळीच, तळहाताएवढी, मध्ये अंगठ्याने खळगा करून सारण भरायचं. सारण चाखलं आणि मी सुधाताईकडे बघितलं. खसखस! दुधात शिजवलेली, साखर घातलेली खसखस.

"आम्ही याची खीर करतो," मी त्यांना सांगितलं. "आणि अनारशाला लावतो."

"पॉपी सीडची खीर?" आल्बिनाआजींना हे पटेना. मग म्हणाल्या, "उद्या खाल्लंस तर चालणार नाही, हे आजच खायचं असतं. उद्याचा कोलाच हा कोलाच नसतो." पुरणपोळीबद्दल माझी आई याच्या बरोबर उलट बोलायची, शिळी जास्त चांगली लागते म्हणून.

जेवण झाल्यावर भांडी धुवायला मीही पदर खोचला. पाहुणीने बसून राहणं मला जमत नाही. तेव्हा बघितलं, प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर नाव: आर. नोव्हाक, डी. बेकर, मिसेस ई. हॅलिंग. मी हसायलाच लागले. आमच्या घरातल्या एकूण एक पातेल्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे आणि एक परात अशी आहे जिच्यावर भलत्याच घराण्याचं नाव आहे. ती कुणाच्या लग्नात आमच्याकडे आली, ते अजून कळलेलं नाही. मी हे आल्बिनाआजींना सांगितलं तर त्यांनी कपाटातून एक पसरट भांडं काढून दाखवलं. "हेही तसंच. बावीस वर्षं झाली. कुणी न्यायलाच आलं नाही."

ऑस्टर

ऑस्टरला गाव म्हणावं की नाही, प्रश्न आहे. पाच-सहा घरं, त्यांतल्या दोनच घरांत माणसं. शाळा बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली. पण दर जूनमध्ये एका शनिवारी त्या शाळेचे जुने विद्यार्थी लांबलांबून येतात, शाळेचं दार उघडतात, झाडतात, पुसतात आणि हजेरी घेतात.

दाजींना त्या सभेचं आमंत्रण होतं, कारण निम्म्या लोकांचे रक्तदाब त्यांनीच सांभाळले होते. मी मागच्या बाकावर बसले. बाक आमच्या शाळेतल्यासारखाच, शाईच्या दौतीला भोक असलेला. एक गृहस्थ वर्षाचं नाव पुकारायचे आणि त्या वर्षी शाळा सोडलेले लोक उभे राहायचे. अलीकडच्या वर्षांना पाच-सहा जण उठत. मागे जाता जाता तीन, मग दोन. शेवटी सर्वांत जुनं वर्ष आलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एक अगदी म्हाताऱ्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"रूथ?"

"हजर," त्या म्हणाल्या. आणि मग, बसता बसता, "आज मी वर्गात पहिली आले."

सगळे हसले. मी शिक्षिका, मला जरा वेळ लागला हसायला.

बेकर यांचं शेत

सुधाताईच्या अंगणामागचा गहू ग्लेन बेकरचा. ग्लेन साठीचा, उंच, उन्हाने मान भाजलेला माणूस. त्याची बायको डार्लीन सुधाताईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलेली. एका संध्याकाळी तो मला शेत दाखवायला घेऊन गेला. एक ओंबी तोडली, तळव्यावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे तोंडात टाकले. माझ्या वडिलांनीही असंच केलं असतं.

"अजून तीन दिवस," चावता चावता तो म्हणाला. "दाणा दातांखाली कट्‌ करून फुटला पाहिजे. तुम्हाला कंबाइनमध्ये बसवतो, मॅम. कापणी-मळणी एकदमच होते त्यात. वरून बघा तुमचा भूगोल."

मग त्याने कोठारातलं गुरांचं खाद्य दाखवलं. 'मायलो' म्हणाला. मूठभर हातात घेतलं आणि मी ओरडलेच, "अहो, हा तर जोंधळा!" तांबूस, पण जोंधळाच. भाकरीसाठी महिनाभर जीव आसुसला होता माझा. ग्लेनला वाटलं मी गंमत करते. तरी त्याने एक बादली भरून दिली.

परतताना वाटेत गावाचं स्मशान लागलं. ग्लेनने गाडी थांबवून आपली कबर दाखवली. खरंच! दगडावर त्याचं आणि डार्लीनचं नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा. आपल्याकडे असं काही कुणी केलं तर थोबाडीत बसेल.

"दगडाला सेल लागला होता," ग्लेन हसत म्हणाला.

त्याआधी शेतात फिरताना उत्तरेच्या टोकाला एक तारेचं कुंपण लागलं होतं. तिथपर्यंत गेल्यावर त्याने गाडी काही न बोलता वळवली. कारण मला रात्री जेवताना सुधाताईकडून कळलं. कुंपणापलीकडे व्हर्जिल हॅलिंगची शेती. मध्ये जुन्या झाडांची रांग होती, तोच बांध. चौदा वर्षांपूर्वी व्हर्जिलने झाडं काढली आणि नवं कुंपण घातलं. ते एका ट्रॅक्टरच्या रुंदीएवढं आपल्या हद्दीत आलं, असं ग्लेनचं म्हणणं. व्हर्जिलचं म्हणणं, उलट एवढी जागा माझीच तुझ्याकडे राहिली आहे. तेव्हापासून एकच चर्च, पण एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. ज्या काउंटीत परक्या माणसालाही बोट वर होतं, तिथे या दोघांचं होत नाही.

"बांधावरून?" मी म्हटलं. घास हातातच राहिला. "इथेसुद्धा?"

"जमीन आहे ना," दाजी म्हणाले. "मग बांध आलाच."

दोन दिवसांनी, गुरुवारी, आम्ही नाश्त्याला बसलो असताना ग्लेन मागच्या दाराने आला. शनिवारी कापणी धरतोय, एवढंच सांगायला आला होता. बोलताना जबडा चोळत होता. दाजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ग्लेन, हे कधीपासून?"

"पहाटेपासून. काल पाती बदलली कंबाइनची, त्याने आखडलं असेल."

"खाली बस."

"डॉक, मला वेळ नाही..."

"बस म्हणतो ना!"

एकतीस वर्षांत दाजींचा आवाज इतका चढलेला सुधाताईने ऐकला नव्हता. ग्लेन बसला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. पुढच्या गोष्टी फार भराभर झाल्या. दाजींनी त्याला गोळी चघळायला दिली, फोन केला. अँब्युलन्स आली ती पोस्टमास्तरीणबाई आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर घेऊन, कारण या गावात ते काम हौशी लोकच शिकून करतात. मग शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरवर पट्टे आवळत असताना ग्लेनने दाजींचं मनगट धरलं.

"डॉक, गहू तयार आहे."

"तू आधी परत ये," दाजी म्हणाले.

डार्लीन गाडीने मागोमाग विचिटाला गेली. दुपारी तिचा फोन आला: रक्तवाहिनी उघडली, धोका टळला. सुधाताई फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं आणि रेडिओ लावला. शनिवारी संध्याकाळी वादळ, गारा.

आता मी भूगोलाची बाई असले तरी एवढं मलाही कळत होतं की पिकलेल्या गव्हावर गारा पडल्या तर वर्ष गेलं. ग्लेनची एकुलती एक मुलगी दूर डेन्व्हरला, ती दवाखान्यातच आलेली. मी सुधाताईला विचारलं, "आता?"

"आता काय? फोन करून राहिले लोक एकमेकांना."

"मदत मागायला?"

"मागत नाही कोणी. फक्त सांगतात, शनिवारी, दव सुकलं की, ग्लेनकडे."

"अगं, पण त्यांचाही गहू उभाच असेल ना?"

"हो ना," ती म्हणाली. "सगळ्यांचाच उभा आहे."

शनिवारी साडेनऊला मी मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसले होते. रस्त्यावर धूळ दिसली. पहिलं कंबाइन आलं, घराएवढं, पुढचं कापायचं पातं वेगळ्या गाड्यावर ओढत. मग दुसरं, तिसरं. हिरवी, लाल, एक इतकं जुनं की त्याचा रंगच कळेना. मी मोजत गेले. दहा. कुणी भाषण केलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. एका वयस्क शेतकऱ्याने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून कुणी कुठून सुरुवात करायची ते सांगितलं आणि सगळी यंत्रं धडधडत गव्हात शिरली.

दहांचं काम चालू झाल्यावर अकरावं आलं. उत्तरेकडून, कुंपणाच्या बाजूने, एकटंच. सुधाताईने माझा दंड धरला.

"व्हर्जिल आहे, बाई."

त्याने यंत्र सरळ त्या कुंपणालगतच्या पट्ट्यात घातलं, जिच्यावरून चौदा वर्षं अबोला होता त्याच जमिनीत. जोडीला दुसरं कुणी तिकडे गेलं नाही.

आम्ही बायका डार्लीनच्या स्वयंपाकघरात जमलो. दार उघडंच होतं. ती विचिटाला होती, पण तिच्या कपाटांत काय कुठे आहे ते सगळ्यांना पाठ. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, थरथरणाऱ्या हिरव्या जेलीचं ते एक पक्वान्न. डार्लीन घरच्या गव्हाचं पीठ घरीच करते. तिच्या त्या छोट्या चक्कीवर मी माझा जोंधळा दळला. पहिल्या दोन भाकऱ्यांचे तुकडे पडले. मग पिठाला उकळतं पाणी घातलं, मळून मळून चिकटपणा आणला आणि तिसरी टम्म फुगली. सुधाताईने पिठलं केलं, मी तिथल्या जाड्या मिरच्यांचा ठेचा.

दीडच्या सुमारास शेताच्या कडेला टेबलं मांडली. एक आडदांड शेतकरी भाकरी हातात घेऊन उलटसुलट बघत होता.

"मॅम, हे खरोखर मायलो आहे?"

"हो."

"आम्ही हे डुकरांना घालतो."

"आम्ही ह्यावरच लहानाचे मोठे झालो," मी म्हटलं.

तो एवढा ओशाळला की त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. ठेच्याने त्याचे कान लाल झाले, बर्फाचा चहा मोठा जग भरून प्यायला, आणि मग पाचवी मागितली.

व्हर्जिल मात्र जेवायला आला नव्हता. त्याचं यंत्र लांब उभं, तो आत बसलेला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. जावं की न जावं. मला काय, मी परकी. मी एका ताटलीत दोन भाकऱ्या, पिठलं, सँडविच असं सगळं घेतलं आणि त्या खुंटांतून चालत गेले. कापलेल्या गव्हाचे खुंट साडीत अडकत होते. मी यंत्राच्या शिडीखाली उभी राहिले तेव्हा तो खाली उतरला. सत्तरीचा, बारीक, निळ्या डोळ्यांचा.

"तुम्ही तिकडे या की जेवायला," मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हटलं.

"मी इथेच बरा आहे, मॅम."

त्याने चाकाच्या सावलीत बसून जेवायला सुरुवात केली. मी जायला हवं होतं, पण पाय निघेना. का कोण जाणे, मी बोलायला लागले. घरी कुणाशी बोलत नाही ते.

"माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ," मी म्हटलं, "अकरा वर्षं बोलले नाहीत. असाच बांध होता, एवढासा." मी हाताने दाखवलं. "एका घरात जन्मले दोघे. मग ह्यांना कॅन्सर झाला. थोरले दवाखान्याच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. आत आले नाहीत. ह्यांनीही निरोप पाठवला नाही. दोघंही नाहीत आता. बांध आहे."

व्हर्जिल चावायचा थांबला होता. लांब बाकीची यंत्रं परत सुरू होत होती.

"ह्याला काय म्हणतात?" त्याने ताटलीकडे बोट करून विचारलं.

"भाकरी."

"बाक्री," तो म्हणाला. शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली, ती माझ्या हातात दिली, टोपीला हात लावला आणि शिडी चढून गेला.

साडेचारला ग्लेनचा शेवटचा गहू ट्रकात पडला. तोवर पश्चिमेला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. माणसं आपापली यंत्रं घेऊन धावत सुटली, अंधार पडायच्या आत स्वतःचं काही कापता येईल का बघायला.

पावणेसातला भोंगा वाजला. या वेळी तो बाराचा नव्हता. आम्ही तिघं तळघरात बसलो. वर छपरावर कुणी दगडांचे ट्रक ओतावेत तसा आवाज, दहा-बारा मिनिटं. सुधाताई माझा हात धरून बसली होती. मग एकदम शांत. वर येऊन बघितलं तर अंगणात लिंबाएवढ्या गारांचा खच, आणि पलीकडे ग्लेनच्या रिकाम्या शेतात नुसते खुंट. गारा तिथेही पडल्या होत्या, पण तिथे त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गारांचा पट्टा अरुंद असतो. बहुतेकांचा गहू वाचला. व्हर्जिलचं उत्तरेचं शेत मात्र त्या पट्ट्यात सापडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीतून बघितलं: सगळं पीक जमिनीला चिकटलेलं, कुणी चटई अंथरावी तसं.

मंगळवारी ग्लेन घरी आला. त्याला हे सगळं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेत बघितलं आणि खुर्चीत बसून राहिला. मग डार्लीनने एकेकाचं नाव सांगितलं. अकरावं नाव आलं तेव्हा त्याने तिला ते परत सांगायला लावलं.

बुधवारी सकाळी दाजींना फोन आला. ग्लेनला गाडी चालवायची बंदी होती. "डॉक, मला जरा सोडाल का एका ठिकाणी?"

दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान होतं. डार्लीनला निरोप द्यायला मी गेलेच होते, तिथूनच मी दाजींच्या गाडीत मागे बसले. ग्लेन पुढे, टोपी मांडीवर धरून. व्हर्जिल त्याच्या झोपलेल्या शेताच्या कडेला उभा होता, विमा कंपनीच्या माणसाची वाट बघत. दाजींनी गाडी थांबवली, पण चालूच ठेवली; दवाखान्यात नऊपासून माणसं येऊन बसलेली असतात.

ग्लेन सावकाश उतरला. दहा पावलं चालून गेला. दोघेही एकमेकांकडे न बघता शेताकडे बघत उभे राहिले. माझी काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"आधी हे कापायला हवं होतंस," ग्लेन म्हणाला.

व्हर्जिलने पायाने एक ढेकूळ फोडलं.

"तुझा तो कुंपणालगतचा पट्टा जास्त पिकला होता," तो म्हणाला.

तुझा. मी दाजींकडे बघितलं. आरशात त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं.

उन्हात उभं राहून ग्लेनचा चेहरा पांढरा पडत चालला होता. व्हर्जिलने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, आपल्या पिकअपची मागची फळी खाली पाडली आणि हाताने तिच्यावरची धूळ झटकली. ग्लेन टेकला. जरा अंतर ठेवून व्हर्जिलही बसला. आम्हाला आता दोघांच्या पाठीच दिसत होत्या. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण बोलत होते.

दाजींनी घड्याळ बघितलं. मग हात पुढे करून गाडीचं इंजिन बंद केलं.